तारकासंघाची घटना: सार्वभौमत्व नेमकं कुठे ठेवायचं?

ध्रुवमत्स्य
एका विज्ञानकथामालेसाठी संघराज्याची घटना लिहितो आहे. सदस्य चार: सूर्यमाला, प्रॉक्सिमा (४.२४ प्रकाशवर्षं), बर्नार्डचा तारा (५.९६) आणि टाऊ सेटी (११.९). प्रकाशापेक्षा वेगवान काहीच नाही, ना यान ना संदेश. यानं जेमतेम प्रकाशाच्या एक दशांश वेगाची. राजधानी सूर्यमालेत. सांगाडा भारतीय घटनेवरून घेतलाय: विषयांच्या तीन सूच्या (केंद्र, राज्य, समवर्ती), शेषाधिकार (सूच्यांत नसलेले विषय) केंद्राकडे, लोकसंख्येप्रमाणे जागा आणि राष्ट्रपती राजवटीच्या ३५६ सारखं एक कलम. कुठे फाटेल?

कलमबहाद्दर
३५६ आधी काढा. आपल्याकडे त्या उद्घोषणेला दोन महिन्यांत संसदेच्या दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, नाहीतर ती संपते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालानंतर (१९९४) न्यायालयही ती तपासतं. टाऊ सेटीवरचं सरकार कोसळल्याची बातमी राजधानीला ११.९ वर्षांनी कळणार, हुकूम परतायला पुन्हा तेवढीच. जवळपास २४ वर्षांनी पोचणारी राष्ट्रपती राजवट लावणार कोणावर?

मग हमखास पळवाट निघते की तिथेच केंद्राचा राज्यपाल बसवू, त्याला पूर्ण अधिकार देऊ. तो राजाच होणार. निजाम-उल्-मुल्क कागदोपत्री मुघलांचा सुभेदार होता. १७२४ मध्ये त्याने साखरखेर्ड्याची लढाई जिंकली आणि दख्खन त्याची झाली. हैदराबादची नाणी मात्र पुढे शतकभर बादशहाच्याच नावाने पडत राहिली. (कथेसाठी हे छान आहे म्हणा. घटनेसाठी नाही.)

शेषाधिकारही घटकांकडे द्या, अमेरिकेच्या दहाव्या दुरुस्तीत आहेत तसे. नवा प्रश्न जिथे उपटतो तिथेच तो त्याच वर्षी सोडवावा लागतो.

तासिका
लोकसंख्येप्रमाणे जागांचं काय करणार? वसाहत वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल तर टाऊ सेटीची जनगणना राजधानीत पोचेपर्यंत तिथली लोकसंख्या ४२ टक्क्यांनी वाढलेली असेल. आणि खासदार यानात बसला तर पोचायला ११९ वर्षं. म्हणजे एका छताखालची संसद बाद. प्रत्येक ताऱ्याच्या विधिमंडळाने शब्दशः एकच मसुदा मंजूर करायचा, चारपैकी तिघांनी केला की तो संघाचा कायदा. थोडक्यात हा करारच झाला, पण दुसरं काही टिकत नाही.

अंमलाची तारीख 'मंजुरीपासून सहा महिने' अशी चुकूनही लिहू नका. कायदा कानावर येण्याआधी माणूस अकरा वर्षांहून जास्त काळ गुन्हेगार ठरेल. प्रमाणित प्रत त्या ताऱ्याच्या नोंदवहीत चढेल तिथून १८० दिवस, असं धरा.

आणि दोन ताऱ्यांनी परस्परविरोधी कायदे केले तर 'आधी कोणाचा?' याचं उत्तर सापेक्षतेमुळे पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. बर्नार्डचा तारा सेकंदाला सुमारे ११० किमी वेगाने आपल्याकडे येतोय. तेवढ्यानेही दोन्हीकडच्या 'आत्ता'मध्ये साधारण १९ तासांचा फरक पडतो. टाऊ सेटीकडे एक दशांश वेगाने जाणाऱ्या यानाचा हिशेब वर्षाहून जास्त चुकेल. घटनेतच एक घड्याळ नेमा: सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राचं.

फडणिशी
तिजोरीचं कोणीच विचारलं नाही! १७८१ च्या अमेरिकी महासंघाला कर बसवायचा अधिकारच नव्हता, नुसती राज्यांकडे मागणी करायची. दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागे. आयात कराचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये पाडला. मराठ्यांकडे चौथाईतली (दुसऱ्यांच्या मुलखाच्या महसुलातला चौथा हिस्सा) २५ टक्के बाबती छत्रपतींची. सहोत्रा ६ आणि नाडगौंडा ३ टक्के हे छोटे वाटे गेल्यावर उरलेला ६६ टक्के मोकासा सरदारांकडे, फौज बाळगायला. वसुली आणि फौज एकाच हातात राहिली, त्याचा शेवट ठाऊक आहेच: १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी केलेला तह शिंदे-भोसल्यांनी मानला नाही.

तुमच्याकडे तर धान्य-धातू हलवणंही परवडायचं नाही. कर वस्तुरूपातच घ्या: प्रत्येक सदस्याने ठरलेल्या शक्तीचं संदेश-प्रक्षेपक केंद्र चालवायचं आणि इतर तिघांच्या नोंदवह्यांची पूर्ण प्रत जपायची. चुकवलं तर शिक्षा एकच, त्याच्याकडे जाणारं प्रक्षेपण बंद. तीही टाऊ सेटीला ११.९ वर्षांनीच लागू पडेल, हे गृहीत धरा.

ध्रुवमत्स्य
धन्यवाद, ३५६ गेलं. कोणी फुटून निघालं तर?

कलमबहाद्दर
युरोपीय संघाच्या करारातल्या कलम ५० मध्ये (लिस्बन कराराने आलेलं) बाहेर पडायच्या नोटिशीनंतर दोन वर्षं आहेत, एकमताने वाढवता येणारी. ब्रिटनने मार्च २०१७ मध्ये नोटीस दिली, बाहेर पडायला जानेवारी २०२० उजाडलं. तुमच्याकडे मुदत सर्वात दूरच्या सदस्याला नोटीस पोचल्यापासून मोजा, आणि अंतरं फक्त सूर्यापासूनची धरू नका. बर्नार्ड ते टाऊ सेटी वेगळं काढावं लागेल.

खरा घोळ वाटेतल्या यानांचा. संघाचे नागरिक म्हणून निघालेल्यांची नातवंडं-पतवंडं परक्या देशात उतरतील. नागरिकत्व, मालमत्ता आणि उतरण्याचा हक्क हे तिन्ही प्रस्थानाच्या दिवशीच्या कायद्याने ठरतील, असं कलम आधीच घाला. नंतर विचारायला कोणी हाताशी नसेल.