मदत हवी आहे: सिरियलायझेबल आहे, मग रिकव्हरेबल का नाही?

परवा डीबीएमएसचा (डेटाबेस व्यवस्थापनाचा) पेपर आहे आणि मी एकाच गणितावर दोन तास अडकलेय. टी१ आणि टी२ ही दोन ट्रान्झॅक्शन्स, म्हणजे एकाच डेटाबेसवर एकदम चालणारी दोन कामं. अ आणि ब ही डेटाबेसमधली मूल्यं, आणि कमिट म्हणजे काम कायमचं पक्कं करणं. सुरुवातीला अ = १००. पायऱ्यांचा क्रम, म्हणजे शेड्यूल, असं:

टी१: अ वाचला, ५० मिळवून १५० लिहिले
टी२: अ वाचला (१५०), दुप्पट करून ३०० लिहिले
टी२: कमिट
टी१: ब वाचला
टी१: कमिट

प्रेसिडन्स ग्राफ (कुणाचं वाचन-लेखन कुणाच्या आधी, हे बाणांनी दाखवणारी आकृती) काढला. टी१ कडून टी२ कडे बाण जातो, उलटा एकही नाही, म्हणजे सायकल नाही, म्हणून सिरियलायझेबल (एकामागून एक, म्हणजे सिरियल, चालवल्याच्या बरोबरीचं). आधी टी१ आणि मग टी२ चालवल्यासारखंच झालं ना? तरी उत्तरात 'नॉन-रिकव्हरेबल' (मध्ये बिघाड झाला तर नीट सावरता न येणारं) लिहिलंय. सिरियल शेड्यूल नेहमी रिकव्हरेबल असतं असं शिकवलंय. शिवाय इथे कुणी अबॉर्टही (मध्येच रद्द) झालेलं नाही. माझं कुठे चुकतंय?

---

ग्राफ बरोबर आहे. पण त्यात कमिट कुठे दिसतं का बघा. तो फक्त कुणी आधी वाचलं-लिहिलं तेवढंच सांगतो आणि सगळे सुखरूप कमिट होणार असं धरून चालतो.

आता टी२ च्या कमिटच्या ओळीवर बोट ठेवा आणि समजा ते कमिट होताच मशीन बंद पडलं. टी१ अर्धवट, म्हणजे त्याचं लेखन मागे घ्यायचं. अ मध्ये काय ठेवणार? १०० ठेवले तर टी२ चं कमिट झालेलं काम गेलं. ३०० ठेवले तर ते ज्या १५० वरून आले ते १५० कधी नव्हतेच. दोन्हीकडून अडचण. तुमच्या शेड्यूलचा शेवट गोड झाला हे नशीब. व्याख्या नशिबावर चालत नाही. ज्याचं लिहिलेलं वाचलं, त्याच्या आधी कमिट करायचं नाही, एवढीच अट आहे.

---

अच्छा! म्हणजे टी२ चं कमिट सगळ्यात खाली नेलं की झालं? आणि मग रिकव्हरेबल असलेलं सगळं सिरियलायझेबल असतं का?

---

पहिल्याला हो. फक्त टी१ फसला तर टी२ लाही रोलबॅक (केलेलं मागे घेणं) करावं लागेल, त्याच्यावरून वाचणाऱ्या टी३ लाही, अशी रांग लागते. ती नको असेल तर कमिट झालेलंच वाचायचं.

दुसऱ्याला नाही. टी१ आणि टी२ दोघांनी अ = १०० वाचला. टी१ ने १५० लिहून कमिट केलं. मग टी२ ने आपल्याजवळच्या १०० ची दुप्पट, २००, लिहून कमिट केलं. कुणीही कच्चं काही वाचलं नाही, म्हणून रिकव्हरेबल, अगदी स्ट्रिक्टसुद्धा (कमिट न झालेलं वाचायचंही नाही, त्यावर लिहायचंही नाही). पण सिरियल चालवलं तर ३०० किंवा २५० यायला हवे. २०० कुठल्याच क्रमाने येत नाहीत, टी१ चे ५० गायब झाले. ग्राफ काढून बघा, सायकल मिळेल.

---

लॉकिंगचा प्रश्न आलाच तर एक लक्षात असू द्या. साध्या टू-फेज लॉकिंगमध्ये (लॉक म्हणजे मूल्यावरचा ताबा; एकदा लॉक सोडायला लागलं की नवं घ्यायचं नाही) टी१ ने ब चं लॉक आधीच घेऊन अ सोडला, तर वरचं पहिलं शेड्यूल जसंच्या तसं घडू शकतं. स्ट्रिक्ट टू-फेजमध्ये नाही.

---

कारण अ चं एक्सक्लुझिव्ह लॉक (लिहिण्यासाठीचं, बाकी सगळ्यांना थांबवणारं) टी१ कमिट होईपर्यंत सोडणारच नाही, आणि टी२ वाचायलाच थांबून राहील. बरोबर?

---

बरोबर. आता झोपा.