सांताक्रूझचा केप (ढग वर उसळायला हवेत साठलेली ऊर्जा) पाहून मुलुंडचा वळीव ओळखता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मुलुंडला मैदानावर संध्याकाळी मुलांना फुटबॉल शिकवतो, ८ ते १४ वयाची मुलं आहेत. मे आणि ऑक्टोबरात रोज दुपारी ३ पर्यंत ठरवावं लागतं, आज बोलवायचं की नाही. मैदानात एक पत्र्याची शेड, बाकी आडोसा नाही. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप आहेच, पण त्याचा इशारा येतो तोवर मुलं घरून निघालेली असतात.

म्हणून सांताक्रूझच्या पहाटे साडेपाचच्या हवामान-बलूनचे (वरच्या हवेचं तापमान, ओलावा, वारा मोजणारा) आकडे बघायला शिकलो. केप किलोमागे १००० ज्यूलच्या वर, लिफ्टेड इंडेक्स (हवा किती अस्थिर आहे ते सांगणारा आकडा, जितका उणे तितकी जास्त) उणे ४ च्या खाली, के-इंडेक्स (तापमान आणि ओलाव्यावरून गडगडाटी ढगांची शक्यता सांगणारा आकडा) ३५ च्या वर, की सावध व्हायचं. (के-इंडेक्स जुलैतही ३५ च्या वर असतो, पण तेव्हा नुसता पाऊस, वीज क्वचितच. म्हणून एकट्या त्याच्यावर जात नाही.)

तरी फसतो. गेल्या मेमध्ये एकदा केप ३००० च्या पुढे होता. सराव रद्द केला आणि रात्रीपर्यंत टिपूस नाही, नुसत्या घामाच्या धारा. चार दिवसांनी केप जेमतेम १५००, म्हणून सगळ्यांना बोलावलं. साडेपाचच्या सुमारास कोपऱ्यातला झेंडा, जो दुपारपासून खाडीकडे फडकत होता, एकदम उलटा फिरला. गार वारा आला, ऐरोलीच्या बाजूने आभाळ काळंभोर झालं. मुलांना शेजारच्या इमारतीच्या जिन्यात नेईपर्यंत पहिली वीज कडाडली. त्यातला सर्वात लहान मुलगा माझा हात सोडत नव्हता.

नंतर दोन्ही दिवसांची साउंडिंग (बलूनच्या नोंदी) शेजारी ठेवून पाहिली. पहिल्या दिवशी समुद्राच्या दमट हवेवर कोरड्या गरम हवेचं जाड झाकण होतं, सिन (हवेला वर जाण्यापासून अडवणारा रोध) भरपूर. दुसऱ्या दिवशी सिन नावाला, ७०० हेक्टोपास्कलला (सुमारे ३ किमी उंचीवर) ओलावा आणि वरचा वारा पूर्वेचा. म्हणजे घाटावर दुपारी वाढलेले ढग तो वारा आपल्याकडे ढकलत होता, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

आणि मुख्य अडचण ही. बलून पहाटेचा, तोही समुद्राजवळचा. मुलुंड दुपारी सांताक्रूझपेक्षा जास्त तापतं. पहाटेच्या साउंडिंगमध्ये खालचं तापमान आणि दवबिंदू मुलुंडचे दुपारी २ चे घालून केप-सिन पुन्हा काढले तर चालेल का? की तोवर वरची हवाही बदललेली असते? आणि सिन किती उरला तर झाकण फुटेल असं धरायचं?

कुणी मुंबईच्या पूर्व उपनगरांसाठी हे करून पाहिलं असेल तर कृपया सांगा. सराव बुडाला तरी चालेल, मुलं मैदानात अडकायला नकोत.