आजीच्या चहाच्या डब्याला हिंगाचा वास

माजघर:
आजीचा पितळी डबा घरी आणलाय. झाकण घट्ट, आत पाव किलो चहापूड आरामात मावते, बुडाशी आजोबांचं नाव घातलंय. मध्यंतरी कुणीतरी त्यात हिंग ठेवला आणि आता चहालाही तोच वास येतो. चिंचेने दोनदा घासला. मला चहा यातच ठेवायचाय. काय करू?

पाऊसवेडी:
चहापूड वास पटकन ओढून घेते, तेच इथे कामाला लावा. डबा उन्हात उघडा वाळवा, मग मूठभर स्वस्तातली पूड घालून आठवडाभर बंद ठेवा आणि ती टाकून द्या. झाकणाची आतली कड नीट बघा, वास तिथेच बसतो.

जुनंपानं:
पूड कोरडी, त्यामुळे कल्हई नसली तरी चालेल. ओला चमचा मात्र घालू नका. इंग्लंडात अठराव्या शतकात चहा इतका महाग होता की डब्याला कुलूप असायचं! १७८४ मध्ये कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आला. अशा चहाच्या डब्याला इंग्रजीत 'कॅडी' म्हणतात, हा शब्द मलय भाषेतल्या 'काती' या वजनाच्या मापावरून आलाय. काती म्हणजे साधारण ६०० ग्रॅम.

माजघर:
कडेत खरंच हिंगाचा खडा अडकला होता! टाचणीने काढला. उद्या डबा गच्चीवर.