शब्दचर्चा : व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन, दोन्हीला 'पडताळणी' कसं चालेल?

विजापूर रोड, सोलापूर (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, एमटेकची पोरं कॉम्प्युटरवर मॉडेल करतात, कुणी पुलाचा गर्डर, कुणी टाकीतलं पाणी, कुणी भट्टीतली उष्णता, आणि प्रत्येकाच्या रिपोर्टात एक चॅप्टर हमखास असतो 'व्हेरिफिकेशन अँड व्हॅलिडेशन'. दोघांत फरक काय असं विचारलं की उत्तर येतं "मॅडम दोन्ही सेमच ना, चेक करायचं असतं". पोरांना बोलून उपयोग नाही कारण मराठीत आपण दोन्हीला सरसकट पडताळणी म्हणतो. आमच्याकडे अक्कलकोटकडची पोरं घरी कानडी बोलतात, शहराच्या पूर्व भागातली तेलुगू, पुस्तकं इंग्रजी, पण वर्गात एकमेकांना समजावून सांगायची भाषा मराठीच, त्यामुळे ज्या भाषेत समजून घ्यायचं तिथंच दोन गोष्टींना एक शब्द असला तर गोंधळ पक्का होऊन बसतो.

माझ्या मते फरक असा. आपण काही समीकरणं घेतली, ती कॉम्प्युटरने बरोबर सोडवली का हे बघणं म्हणजे व्हेरिफिकेशन. आणि घेतलेली समीकरणं मुळात त्या खऱ्या वस्तूला लागू पडतात का हे बघणं म्हणजे व्हॅलिडेशन. पहिल्यासाठी प्रयोगशाळेत जायची गरजच नाही, दुसरं प्रयोगाशिवाय किंवा प्रत्यक्ष मोजमापाशिवाय होतच नाही.

दोन उदाहरणं मी दरवर्षी सांगते. नॉर्वेत स्टाव्हॅंगरजवळच्या फ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ ला स्लाइपनर ए नावाच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवत होते, एका पोकळ कप्प्याची भिंत फुटली आणि अख्खा पाया बुडाला, सुमारे ७० कोटी डॉलरचं नुकसान. चौकशीत निघालं काय तर फायनाइट एलिमेंटचं मेश, म्हणजे गणितासाठी वस्तूचे छोटे तुकडे पाडणारी जाळी, त्या कोपऱ्यात फार मोठं आणि वेडंवाकडं होतं, त्यामुळे शिअर स्ट्रेस (कापणारा ताण) ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला आणि भिंत पातळ, सळईही अपुरी. लवचीकतेची समीकरणं चुकीची नव्हती, ती नीट सुटली नव्हती. नंतर बारकाईने पुन्हा गणित केलं तर भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं आलं, प्रत्यक्षात फुटली ६५ मीटरवर! म्हणजे तेच गणित आधी नीट केलं असतं तर पाया वाचला असता.

दुसरं लंडनचा मिलेनियम पूल. १० जून २००० ला उघडला, लोक चालायला लागले आणि पूल आडवा डुलायला लागला, दोन दिवसांत बंद करावा लागला, डॅम्पर (डोलणं शोषून घेणारी साधनं) बसवून २००२ मध्ये परत सुरू. इथं आकडेमोड चुकली नव्हती, चालणारी माणसं पुलाला आडवा जोर देतात आणि पूल हलला की तो जोर वाढत जातो ही गोष्टच मॉडेलमध्ये पुरेशी धरलेली नव्हती. आणि हा विषय अजून संपलेला नाही बरं का, २००५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात पेपर आला की लोकांची पावलं एका तालात पडतात म्हणून असं होतं, मग २०२१ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की तालाची गरजच नाही, प्रत्येक माणूस आपापला तोल सांभाळताना पुलाला थोडी थोडी ऊर्जा देत राहतो आणि तेवढ्यानेच डोलणं सुरू होऊ शकतं, ताल जुळला तर नंतर जुळतो. एकाच पुलाची दोन मॉडेलं, गणित दोन्हीकडे व्यवस्थित, पण खरा पूल कुठल्या बाजूने हे माणसं चालवून मोजल्याशिवाय कळणार नाही.

तर या दोन कामांना दोन शब्द सुचवा. सत्यापन नको, ते मला हिंदी फॉर्मवरून उचलल्यासारखं वाटतं.

बार्शीहून

मॅडम या गोंधळाचं मूळ मला वेगळ्याच ठिकाणी दिसतं. आपल्या पोरांच्या कानावर हे दोन शब्द पहिल्यांदा इंजिनिअरिंगमध्ये पडतच नाहीत, ते पडतात ॲडमिशनच्या वेळी. जात पडताळणी समितीकडे अर्ज करायचा आणि तिथून मिळतं ते 'वैधता प्रमाणपत्र', ज्याला सगळा महाराष्ट्र 'व्हॅलिडिटी' म्हणतो. "व्हॅलिडिटी आली का रे?" हे बारावी झालेल्या पोराला घरोघरी विचारतात. म्हणजे पडताळणी ही क्रिया आणि व्हॅलिडिटी हे तिचं फळ अशी जोडी डोक्यात बसलेली असते, मग तुम्ही वर्गात या दोन वेगळ्या तपासण्या आहेत म्हणालात की पोरगं गडबडणारच. त्यात पोलीस व्हेरिफिकेशन म्हणजे चारित्र्य पडताळणी, ते आणखी तिसरंच. म्हणून माझं म्हणणं, पडताळणी हा शब्द ऑफिसांनी इतका वापरलाय की आता तांत्रिक अर्थासाठी तो मोकळा राहिलेला नाही. वैधता पण नको, ती रिचार्जला जोडली गेलीय, २८ दिवसांची वैधता वगैरे.

पूर्व भागातून

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, इंजिनिअर नाही, पण मूळ प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. आमच्याकडे शब्द आहे की हो, ताळा! बेरीज झाली की ताळा घ्यायचा. माझे वडील कीर्द खतावणी हाताने लिहायचे, पान संपलं की नऊचा ताळा (संख्येतले अंक मिळवून, नऊ नऊ टाकून उरतं ते जुळवणं) घेतल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. ताळा काय सांगतो तर बेरीज बरोबर झाली का एवढंच, गोडाऊनमध्ये खरोखर तेवढे टॉवेल आहेत का हे ताळा सांगत नाही, त्याला उठून जाऊन गठ्ठे मोजावे लागतात. मला वाटतं मॅडम म्हणतात तो पहिला प्रकार हाच.

अजून एक. नऊचा ताळा जुळला म्हणून बेरीज बरोबरच असं नसतं. ५४३ च्या जागी ४५३ लिहिलं तरी ताळा जुळतो कारण आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. म्हणून जुनी माणसं ताळा जुळला तरी परत खालून वर बेरीज मारायची.

विजापूर रोड

काका, फार मोलाचं सांगितलंत. 'ताळा' माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि तो आल्याबरोबर दुसरा शब्दही समोर आला : पडताळा. पडताळणी नाही, पडताळा. आपण बोलताना म्हणतो बघा, "औषधाचा पडताळा आला", "आजी सांगायची त्याचा पडताळा आला", म्हणजे जे ऐकलं होतं ते प्रत्यक्ष अनुभवाला उतरलं. व्हॅलिडेशन याहून वेगळं काय असतं! आणि क्रियापदंही वेगळी आहेत, ताळा आपण *घेतो*, पडताळा आपल्याला *येतो*. ताळा आपल्या हातातलं काम, पडताळा येणं न येणं खऱ्या वस्तूच्या हातात, आपण फक्त तो येतो का हे बघायची तयारी करायची, म्हणजे लोड टेस्ट, सेन्सर, मोजमाप.

आणि नऊच्या ताळ्याची मर्यादा तुम्ही सांगितलीत ती आमच्याकडेही तशीच लागू आहे. एक ताळा पुरत नाही म्हणून आमच्यात बरेच ताळे आहेत. साधा ताळा म्हणजे कँटिलिव्हर बीम, टोकाला लोड, टोक किती वाकतं याचं हाताने काढलेलं उत्तर पीएल घन भागिले तीन ईआय (पी लोड, एल लांबी, ईआय बीमचा ताठपणा), प्रोग्रामने तेवढंच दिलं पाहिजे. दुसरा ताळा मेशचा, जाळी निम्म्या आकाराची करायची आणि चूक किती घटते ते बघायचं, पद्धत दुसऱ्या ऑर्डरची (चूक जाळीच्या आकाराच्या वर्गाच्या प्रमाणात) असेल तर चूक चौथाईच्या आसपास यायला हवी, नाही आली तर कोडमध्ये कुठंतरी गडबड आहे किंवा जाळी अजून फारच मोठी आहे. लुईस फ्राय रिचर्डसनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कल्पनेवर दोन जाळ्यांच्या उत्तरांवरून खऱ्या उत्तराचा अंदाज काढायची युक्ती दिली आणि १९९४ मध्ये पॅट्रिक रोचने त्यावरूनच मेशच्या चुकीचा आकडा रिपोर्टात कसा द्यायचा याची रीत घालून दिली.

तिसरा ताळा मला सगळ्यात आवडतो. आधी उत्तर आपणच मनाने ठरवायचं, समजा एखादं साइन-कोसाइनचं फंक्शन, ते समीकरणात घालून बघायचं की उजव्या बाजूला काय उरतं, मग ते उरलेलं लोड म्हणून प्रोग्रामला द्यायचं आणि प्रोग्राम आपण ठरवलेल्या उत्तराकडे परत येतो का हे बघायचं. इंग्रजीत त्याला मेथड ऑफ मॅन्युफॅक्चर्ड सोल्युशन्स म्हणतात, मी वर्गात 'ठरवून दिलेल्या उत्तराचा ताळा' म्हणेन आता. त्या उत्तराला खऱ्या जगात काही अर्थ नसला तरी चालतं, कारण इथं आपण फक्त गणित तपासतोय.

सोलापूरचाच, सध्या पुण्यात

मॅडम नमस्कार, शब्द भारी आहेत पण मशीन लर्निंगवाल्यांचं काय करणार? आमच्यात 'व्हॅलिडेशन' म्हणजे डेटातला थोडा भाग बाजूला ठेवायचा आणि त्यावर मॉडेल तपासायचं, 'व्हॅलिडेशन लॉस', म्हणजे त्या भागावरच्या चुकीचा आकडा, हा शब्द रोज तोंडात असतो. मी सरोगेट मॉडेल करतो, म्हणजे फायनाइट एलिमेंटचे हजारो रन घ्यायचे आणि न्यूरल नेटवर्कला शिकवायचं की पुढच्या वेळी तो रन न घेता उत्तर दे. माझा व्हॅलिडेशन लॉस एकदम कमी आला तर मी पडताळा आला म्हणायचं का?

विजापूर रोड

नाही रे बाबा, मुळीच नाही म्हणायचं. तुझा डेटा आला कुठून? फायनाइट एलिमेंटमधूनच ना. मग बाजूला ठेवलेला भागही त्यातलाच. तुझं नेटवर्क त्या प्रोग्रामची नक्कल बरोबर करतंय एवढाच त्याचा अर्थ, तो प्रोग्रामशी घेतलेला ताळा झाला. मूळ मेशच मोठं असलं तर नेटवर्क ती चूक इमानेइतबारे शिकणार आणि लॉस मात्र मस्त दिसणार. शब्द वेगळे हवेत असं मी का म्हणते ते इथं सगळ्यात जास्त दिसतं, कारण पेपरात 'व्हॅलिडेटेड' असं छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी प्रयोग करून बघितलाय.

समीकरणंच लॉसमध्ये घालायची जी पद्धत आहे, पीआयएनएन (फिजिक्स-इन्फॉर्म्ड न्यूरल नेटवर्क), रैसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांचा २०१९ चा पेपर, तिच्यात तर ताळा जास्तच जपून घ्यावा लागतो. २०२१ मध्ये न्यूरिप्स या मशीन लर्निंगच्या परिषदेत एक काम आलं होतं, त्यात अगदी साध्या वहनाच्या समीकरणातही वेग वाढवला की हे नेटवर्क शिकण्यात फसतं आणि चुकीचं उत्तर देतं असं दाखवलंय. आणि २०२४ मध्ये नेचर मशीन इंटेलिजन्समध्ये मॅकग्रीव्ही आणि हकीम यांनी प्रवाहाच्या समीकरणांवरचे पेपर तपासले, आमची पद्धत नेहमीच्या न्यूमेरिकल पद्धतीपेक्षा सरस असं म्हणणाऱ्या ७६ पैकी ६० पेपरांनी तुलना कमकुवत जुन्या पद्धतीशी केली होती, म्हणजे ७९ टक्के. तू हा पेपर वाचच, सरोगेटवर काम करतोस तर फार उपयोगी पडेल, नवीन पद्धत वाईट असं त्यात कुठंच म्हटलेलं नाही, तुलना सरळ ठेवा एवढंच मागणं आहे.

होटगी रोडहून

एक अडचण सांगतो. हवामानवाले 'फोरकास्ट व्हेरिफिकेशन' म्हणतात ते नेमकं उलटं आहे, तिथं अंदाज आणि प्रत्यक्ष पडलेला पाऊस यांची तुलना करतात, म्हणजे तुमच्या हिशेबाने तो पडताळा. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द चिकटवून टाकलात तर हे चुकेल.

आपल्या सोलापुरातच २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आपल्या कायपीक्स या ढग-पावसाच्या प्रकल्पात ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला, आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत म्हणून. विमानातून कॅल्शियम क्लोराइडच्या फ्लेअर्स, खाली रडार आणि पर्जन्यमापकं. त्यात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पावणेतीनशेच्या आसपास ढग निवडले आणि कशात बीज टाकायचं, कशात नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं, कारण बीज टाकलेला ढग बरसला तरी तो तसाही बरसलाच असता का हे त्या एकट्या ढगावरून कळणार कसं? वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस असा निष्कर्ष त्यांनी छापला. कॉम्प्युटरवरच्या ढगात बीज टाकून पाऊस वाढवणं सोपं आहे, पडताळा असा घ्यावा लागतो.

विजापूर रोड

अगदी मान्य. म्हणून शब्दाला शब्द असा नियम नकोच, कामाला शब्द. गणित गणिताशी जुळवून बघितलं तर ताळा, गणित निसर्गाशी जुळवून बघितलं तर पडताळा, इंग्रजीत त्या शाखेत काहीही म्हणोत. तुम्ही 'पडताळा घेणं' म्हणालात तेही मला चालेल, प्रयोग मुद्दाम आखला असेल तिथं 'घेणं' शोभतं.

बार्शीहून

ताळा आणि पडताळा ऐकायला फार जवळचे नाहीत का? व्हायव्हात पोरं परत गोंधळतील. आणि जाता जाता, कन्व्हर्जन्सला 'अभिसरण' लिहितात त्याचं पण बघा, रक्ताभिसरण म्हणजे तर रक्त गोल फिरणं, आणि इथं उत्तर एका जागी येऊन थांबायला पाहिजे.

विजापूर रोड

जवळचे आहेत हे खरं, पण इंग्रजीतले दोन्हीही 'व्ही'नेच सुरू होतात आणि यांच्या मागं निदान अर्थ तरी उभा आहे. अभिसरणाबद्दल तुमच्याशी सहमत. गणिताच्या पुस्तकात राहू दे, बोलताना आम्ही 'आकडा स्थिरावला' म्हणतो, जाळी बारीक केली तरी आकडा हलत नाही म्हणजे स्थिरावला, कुणालाही कळतं.

पंढरपूरहून

कॅलिब्रेशन कुठं बसवणार? मी पुराच्या मॉडेलवर काम करतो, भीमेचं पात्र, उजनीतून सोडलेलं पाणी, मॅनिंगचा एन (पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा) ०.०३ धरायचा की ०.०४ हे आधीच्या पुराच्या खुणा बघून ठरवतो. मग रिपोर्टात मॉडेलची पातळी आणि खुणांची पातळी शेजारी शेजारी छापली की रेघा छान जुळतात आणि गाइड म्हणतात व्हॅलिडेशन झालं.

विजापूर रोड

ती जुळवणी झाली दादा. ज्या खुणा बघून एन ठरवला त्याच खुणांशी रेघ जुळली तर ती जुळणारच, तशी जुळावी म्हणूनच तर एन निवडला. ऑगस्ट २०१९ च्या पुरावर जुळवणी केली असेल तर एनला हात न लावता ऑक्टोबर २०२० चा पूर चालवून बघायचा, घाटावर पाणी किती चढलं ते मोजलेलं असेल त्याच्याशी तुलना करायची, तिथं जुळलं तर पडताळा. आणि २०२० मध्ये उजनीच्या पाण्याबरोबर खाली जिल्ह्यातही प्रचंड पाऊस झाला होता, त्यामुळे तो पूर २०१९ ची नुसती पुनरावृत्ती नाही, म्हणूनच पडताळ्याला चांगला. न जुळलं तरी लपवू नका, किती फरक पडला आणि कुठल्या ठिकाणी पडला ते त्याच तक्त्यात द्या, मॉडेल पुढं वापरणाऱ्याला त्या फरकाचा उपयोग जास्त होतो. रिपोर्टात तीन वेगळी हेडिंगं करा : जुळवणी, ताळा, पडताळा. गाइडनी विचारलं तर इंग्रजी शब्द शेजारी तोंडी सांगा.