मदत हवी आहे: छोट्या विमानातून लांबचा प्रवास, वजनाचं गणित जमेना

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, कॉलेज रोडला राहतो. माझ्या अमेरिकेतल्या मावसभावाने दोन सीटचं लाइट स्पोर्ट विमान घेतलंय. जुलैअखेर विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या हवाई मेळ्याला तो मला त्यातून नेणार आहे. आरोही पंडितने 2019 मध्ये अशाच चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तेव्हापासून मला याचं वेड आहे.

अडचण वजनाची. उडताना सगळं मिळून मर्यादा 600 किलो. रिकामं विमान 345, टाकी पूर्ण भरली (100 लिटर) तर इंधनाचे 72. दादा 85, मी 92 (हसू नका). उरले 6 किलो! त्यात आईने दोन किलो चिवडा बांधलाय, तो काही सुटणार नाही.

दादा म्हणतो, अर्धी टाकी भरू. तासाला साधारण 20 लिटर लागतं, अर्ध्या तासाचं राखीव ठेवायचं, म्हणजे दोन तासांनी उतरणं आलंच. असा टप्प्याटप्प्याचा प्रवास कुणी केलाय का? सामान आधी कुरिअरने पाठवावं का? आणि दुपारच्या उन्हात विमान फार हिंदकळतं म्हणे. मला तर कसारा घाटातही मळमळतं. यावर काय उपाय करता?