मदत हवी आहे : आजोबांच्या डब्यातील ट्रामचे छायाचित्र

नमस्कार. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या मुंबईतील एक कृष्णधवल छायाचित्र आणि ट्रामची तीन तिकिटे सापडली आहेत. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला धावली, त्यामुळे छायाचित्र त्याआधीचे आहे हे नक्की. तिकिटांवर ‘एक आणा’ छापलेले असल्याने ती बहुधा १९५७ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वीची असावीत. छायाचित्रात धोतर-टोपीतील आजोबा दुमजली ट्रामच्या पायरीशी उभे आहेत आणि मागच्या इमारतीवरील पाटीची ‘…भुवन’ एवढीच अक्षरे वाचता येतात. आजी ही जागा दादर टी.टी.ची म्हणते (त्या नावातला ‘ट्राम टर्मिनस’ आता कोणाच्या ध्यानातही नसतो), पण मला ती इमारत लालबाग-परळकडची वाटते. आजी नव्वदीला टेकली आहे, तिच्या हयातीत याचा उलगडा व्हावा ही मनापासून इच्छा आहे.

इमारतीवरून जागा ओळखू शकणारे जुने रहिवासी इथे आहेत का? शिवाय छायाचित्र अल्बमच्या काळ्या पानाला खळीने घट्ट चिकटले असून एक कोपरा सोडवताना त्याचा पापुद्रा निघाला. ते न फाटता कसे सोडवावे, की पानासकटच स्कॅन करावे?