मदत हवी आहे: टेक्सासमध्ये हँडगनने रानडुकराची शिकार, .४४ मॅग्नम घेऊ की कंटेंडर?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईपासून थोडं आत गाव आहे, घरचं कुळागर, सुपारी नारळ केळी आणि खाली थोडी भातशेती. रानडुक्कर काय करतं हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको, एका रात्रीत केळीचा अख्खा कोपरा उकरून टाकतात आणि सकाळी आपण नुसतं बघत राहायचं. बाबांच्या नावावर पीक संरक्षणाची एकनळी आहे पण ती हवेत बार काढण्यापुरती, आणि निवडणूक आली की तीसुद्धा पोलीस स्टेशनात जमा.

आधीच सांगतो, हा धागा इथल्या शिकारीबद्दल नाही. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, डुक्कर उपद्रवी ठरवायलाही केंद्राची अधिसूचना लागते, मनात आलं म्हणून कुणालाही मारता येत नाही. कृपया त्यावर वाद नको.

विषय असा की माझा मावसभाऊ टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या बाजूला असतो आणि डिसेंबरात मी महिनाभर त्याच्याकडे जातोय, व्हिजिटर व्हिसावर. तिकडे डुकरं मूळची नाहीत, युरोपातल्या लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानात वाढली, नंतर त्यात रानटी डुकरांचं रक्त मिसळलं आणि आता शेतकरी हैराण आहेत. भाऊ त्याच्या ओळखीच्या रँचवर शिकारीला जातो, आणि तो रायफल वापरत नाही, हँडगन वापरतो. त्याच्याकडे दोन आहेत. एक .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर, नळीवरच्या साध्या माशीने नेम धरायचं, दुर्बीण नाही. दुसरं थॉम्पसन सेंटर कंटेंडर, १९६७ पासूनचं मॉडेल, आपल्या एकनळीसारखं मधून मोडतं, एकावेळी एकच काडतूस, आणि पुढचा लाकडी भाग काढून पिन ढकलली की नळीच बदलता येते. त्याच्याकडे थर्टी-थर्टी या रायफलच्या काडतुसाची १४ इंची नळी आहे, वर पिस्तुलाची दुर्बीण.

भाऊ म्हणतो ये, तूही एक मार. मला जायचंय, खरंच जायचंय, पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी आठवीत असताना शेजारच्या बागायतीत कुणीतरी ठासणीच्या बंदुकीने डुकराच्या पोटात बार घातला होता. ते पळालं, आणि तिसऱ्या दिवशी व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाला वास आला म्हणून आम्ही गेलो तेव्हा सापडलं. त्याने माती किती उकरली होती ते मी अजून विसरलो नाही. डुकराने आमचं कितीही नुकसान केलेलं असू दे, तसं मरण माझ्या हातून कुठल्याच जनावराला यायला नको. म्हणून विचारतोय, आयुष्यात पिस्तूल हातात न धरलेल्या माणसाने दोनेक आठवड्यांच्या सरावावर हे करावं का, आणि केलं तर दोघांतलं कुठलं? शिवाय व्हिजिटर व्हिसावर बंदुकीला हात लावणं कायद्यात बसतं का? भाऊ म्हणतो खाजगी जमिनीवर डुकराला लायसन्सच लागत नाही.

प्रतिसाद

मी मूळचा डिचोलीचा, तिकडे बारा वर्षं राहून आलोय. भाऊ बरोबर सांगतोय पण अर्धंच. २०१९ पासून टेक्सासमध्ये जमीनमालकाची परवानगी असेल तर खाजगी जमिनीवर रानडुकरासाठी हंटिंग लायसन्स लागत नाही, हे खरं. पण तो राज्याचा नियम झाला. तुम्ही तात्पुरत्या व्हिसावर, आणि अशा माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं तिकडच्या केंद्रीय कायद्यात गुन्हा आहे. त्याला जी सूट आहे त्यातली तुमच्या उपयोगाची म्हणजे हातात तिकडच्या कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. म्हणजे डुकरासाठी नको असलं तरी तुमच्यासाठी ते काढायचंच, आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, पहिली गोळी झाडण्याआधी काढायचं. खिशात ठेवा.

आता हत्यार. माझं मत विचाराल तर कंटेंडर. रिव्हॉल्व्हर साध्या माशीवर चालवायला वर्षं जातात, ५० यार्डांच्या पुढे तर सरावाची माणसंही जपून मारतात. कंटेंडर मांडीवर किंवा काठ्यांच्या टेक्यावर ठेवून दुर्बिणीतून मारता येतं. पिस्तुलाची दुर्बीण हात लांब करून बघायची असते, रायफलसारखा डोळा जवळ नेलात तर सगळं काळंच दिसेल. कंटेंडरची .२२ ची, म्हणजे छोट्या हलक्या काडतुसाची, नळी मिळते, भावाला म्हणावं कुणाची तरी आण, पहिले चार-पाच दिवस फक्त त्यावर काढा. धक्का आणि आवाजाची भीती एकदा बसली ना की माणूस ट्रिगर दाबायच्या आधीच दचकतो आणि बार खाली जातो, मग ती सवय मोडणं फार कठीण. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही, कारण आखूड नळीचा आवाज रायफलपेक्षा वाईट लागतो. आणि रिव्हॉल्व्हर हातात घेतलंच तर दुसरा हात सिलिंडरच्या पुढे कधीच नको, तिथल्या फटीतून गरम गॅस बाहेर येतो, बोटं फाटतात.

जखमी होण्याचं तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. ज्या अंतरावर तुमचे सगळेच्या सगळे बार सहा इंची ताटलीत बसतात तेच तुमचं अंतर. ते ४० यार्ड निघालं तर ४०, भाऊ १०० वर मारत असेल तर मारू दे. डुकराचं काळीज, म्हणजे हृदय, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मध्ये. लोक खांद्याच्या मागे मधोमध मारतात आणि गोळी पोटाकडे जाते, तुम्ही व्हाळात बघितलंत तेच. बाजूने उभं असेल तरच, थांबलेलं असेल तरच. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढाल असते, त्यामुळे लगेच फुटणारी गोळी नको.

साफ करताना रबरी हातमोजे घाला, ब्रुसेलोसिस नावाचा संसर्गजन्य आजार होतो त्यांच्यापासून. आणि परत येताना बॅगेचा कप्पा न् कप्पा झटकून बघा. एक विसरलेलं काडतूस मोपा विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की आर्म्स ॲक्ट लागतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. लायसन्सचं तर आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, आत्ताच भावाला फोन केला, पोचल्या दिवशी आधी ते काढायचं ठरलं. .२२ ची नळी त्याच्या मित्राकडे आहे म्हणतो.

एक राहिलं. शेवटच्या दिवसापर्यंत माझे बार ताटलीत बसलेच नाहीत तर मी फक्त त्याच्या बाजूला बसून बघणार, हे त्याला आजच सांगून ठेवलंय. त्याला थोडं वाईट वाटलं. पण संध्याकाळी उजेड कमी होत जातो तेव्हा सकाळी रेंजवर निघालेलं अंतर तेच धरायचं की कमी करायचं? डुकरं तर त्याच वेळी बाहेर पडतात ना.